घराजवळील जीर्ण वृक्ष : शास्त्र, सनदा व आमचा निंब

चैत्र सरून वैशाख लागला कीं सोलापूर, धाराशिव, बीड या बाजूच्या गांवांतून एकच वार्ता ऐकूं येते : अमक्या आळींतील झाड पडलें, तमक्याच्या पत्र्यावर फांदी आली, विजेच्या तारा तुटल्या. दुसऱ्या दिवशीं कुऱ्हाडी व यांत्रिक करवती निघतात, आणि पडलेल्या झाडाबरोबर शेजारचीं न पडलेलीं दोनचार झाडेंहि भुईसपाट होतात. या घाईच्या समर्थनार्थ एक वाक्य नेहमीं तयार असतें, तें असें कीं घराजवळ मोठें झाड असूं नये असें शास्त्रच सांगतें. हें शास्त्र कोणतें, त्यांत नेमकें काय म्हटलें आहे, आणि आपल्या पूर्वजांनीं वाढलेल्या झाडाशीं प्रत्यक्ष व्यवहार कसा ठेविला होता, याचा शोध घेण्याचा प्रसंग आमच्यावर आला. त्याचें कारण निव्वळ जिज्ञासा नव्हे. आमच्या घरापुढें एक जुना निंब उभा आहे, व तो ठेवावा कीं तोडावा याचा निर्णय आम्हांस करावयाचा होता. त्या निंबाची हकीकत पुढें येईल. प्रथम ग्रंथ पाहूं.

या विषयावरील जुन्या ग्रंथांत वराहमिहिराची बृहत्संहिता आम्ही मुख्य मानतों. सहाव्या शतकांत अवंतीच्या प्रदेशांत रचलेल्या या ग्रंथाचा ५५ वा अध्याय 'वृक्षायुर्वेद' या नांवाचा आहे. त्याच्या लगत आधीचा, म्हणजे ५४ वा अध्याय 'दकार्गल' अर्थात् भूमींतील पाणी शोधण्याच्या विद्येचा. कोणत्या झाडापासून वा वारुळापासून किती हातांवर खणलें असतां किती पुरुष खोलीवर झरा लागेल, याची चर्चा त्यांत आहे. पाणी सांपडल्यावर जलाशय होतो. परंतु कांठीं छाया नसेल तर तो शोभत नाहीं, म्हणून तेथें उपवनें करावीं, अशा आशयानें पुढील अध्यायास आरंभ होतो. संस्कृत शिकवितांना या क्रमाकडे आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें. माळवा आपल्या देशासारखाच उन्हाळ्यांत तापणारा मुलूख. तेथील ग्रंथकारानें आधीं पाणी व मग झाड असा क्रम ठेविला, हा केवळ योगायोग असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

वृक्षायुर्वेदाध्याय अगदीं लहान आहे. झाडांत अंतर किती असावें याविषयीं तो सांगतो कीं वीस हात उत्तम, सोळा मध्यम व बारा हें शेवटचें. हात दीड फुटाचा धरला तर उत्तम अंतर तीस फूट होतें. जवळजवळ वाढलेलीं झाडें एकमेकांस टेकतात, त्यांचीं मुळें एकमेकांत मिसळतात, आणि पीडित झाल्यामुळें तीं नीट फळत नाहींत, असें कारणहि तेथें दिलें आहे. मुळांची पीडा हा विचार आम्हांस विशेष वाटतो, कारण मूळ डोळ्यांस दिसत नाहीं व न दिसणाऱ्या अवयवाविषयीं माणूस सहसा बेफिकीर असतो. पुढें रोगाचीं लक्षणें येतात : थंडी, वारा व ऊन यांनीं रोग होतो, पानें पांढुरकीं पडतात, कोंवळे अंकुर वाढत नाहींत, फांद्या वाळतात, रस पाझरतो. यावर उपाय असा कीं प्रथम शस्त्रानें रोगट भाग साफ करावा, त्यावर विडंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेलें पाणी घालावें. पाणी घालण्याचा नियम मात्र लाविलेल्या रोपांसाठीं सांगितला आहे : उन्हाळ्यांत सकाळ-सायंकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड, पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां. शंभर वर्षांच्या झाडास किती पाणी द्यावें व कोठें द्यावें, याविषयीं वराहमिहिर मौन धरतो. हें मौन लक्षांत ठेवणें जरूर आहे. त्याचा परिणाम आम्हीं भोगला आहे.

आतां घराजवळील झाडाविषयीं. हा विषय त्याच ग्रंथाच्या ५३ व्या, वास्तुविद्येच्या अध्यायांत येतो. कांटेरी झाडें घराजवळ असतां शत्रूचें भय, चिकाचीं असतां द्रव्यनाश, फळझाडें असतां संततीची हानि, असें तेथें खरोखरच म्हटलें आहे. कुऱ्हाड घेऊन निघालेल्या गृहस्थाचें शास्त्र तें एवढेंच. परंतु तो श्लोक संपल्यावर लगेच दुसरा आहे, आणि तो कोणी सांगत नाहीं. हीं झाडें तोडावयाचीं नसतील तर त्यांच्या व घराच्या मध्यें पुन्नाग, अशोक, अरिष्ट, बकुळ, फणस, शमी, शाल यांसारखीं चांगलीं झाडें लावावीं, असा त्याचा अर्थ. म्हणजे ज्या शास्त्रानें दोष सांगितला त्यानेंच उभें झाड राखून दोष घालविण्याचा मार्ग दाखविला. अरिष्ट या शब्दाचा अर्थ निंबहि होतो व रिठाहि. येथें कोणता घ्यावा याविषयीं मतभेद संभवतो. आम्ही निंबाकडे झुकतों, पण त्यांत आमचा स्वार्थ असल्यामुळें वाचकांनीं तें मत सावधपणें घ्यावें. दिशांचाहि विचार तेथें आहे : पिंपरी उत्तरेस, वड पूर्वेस, उंबर दक्षिणेस व पिंपळ पश्चिमेस शुभ, आणि याच्या उलट दिशांस अशुभ. या दिशांत वाऱ्याचें कांहीं गूढ विज्ञान दडलें आहे असें सांगणारे लेख अलीकडे पाहण्यांत येतात. आम्हांस त्यांत तसें कांहीं दिसत नाहीं. जुन्या ग्रंथांत जें आहे तेंच वाचावें; आपल्यास हवें तें त्यांत घालूं नये.

धर्मशास्त्र व अर्थशास्त्र यांत या प्रश्नाची दुसरी बाजू आहे, ती दंडाची. शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें म्हैसूर येथें छापलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत नगरांतील उपवनांच्या झाडांसंबंधीं एक मोजमाप आढळतें. फुलें, फळें वा छाया देणाऱ्या झाडाचा कोंवळा अंकुर छाटल्यास सहा पण दंड, बारीक फांदी तोडल्यास बारा पण, जाड फांदी तोडल्यास चोवीस पण, खोड तोडल्यास पूर्वसाहस दंड व समूळ उच्छेद केल्यास मध्यमसाहस दंड. सीमेवरील झाडें, चैत्यवृक्ष, खुणेचीं झाडें व राजवनांतील झाडें यांस हाच दंड दुप्पट. याज्ञवल्क्यस्मृतींतहि असाच चढता क्रम आहे, आणि त्यावरील मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें तो फांदीस वीस, खोडास चाळीस व समूळ झाडास ऐशीं पण असा स्पष्ट केला आहे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास होता, म्हणजे आमच्या सोलापुराहून फार दूर नव्हता. ज्यांच्या फांद्या पुन्हां रुजतात अशा वडासारख्या झाडांचा येथें मुद्दाम उल्लेख आहे.

या दंडांत फांदीच्या जाडीप्रमाणें अपराध वाढतो, ही गोष्ट आम्हांस प्रथम केवळ व्यवहाराची वाटली; मोठ्या फांदीचें लांकूड अधिक, म्हणून दंड अधिक. परंतु लांकूड हीच किंमत असती तर अंकुरास दंड कशाला ? झाडास होणारी इजा हेंच येथें माप आहे. वृक्षांच्या जखमांविषयीं गेल्या शतकांत जें ज्ञान झालें त्याच्याशीं हें माप चांगलें जुळतें. मनगटाएवढी जखम झाड कांहीं वर्षांत नव्या लांकडानें झांकून टाकतें. मांडीएवढी जखम तें बहुधा कधींच झांकूं शकत नाहीं.

मराठेशाहीच्या कागदांकडे वळलें असतां इनामपत्रांतील एक ठराविक शब्दावली प्रत्येक संशोधकाच्या परिचयाची आहे : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप. ती वाचून वाचून आपले डोळे इतके सरावलेले असतात कीं त्यांतील एक भेद नजरेंतून सुटतो. तरु निराळा व काष्ठ निराळें. दोन्हींचा हक्क एकाच इनामदारास जात असला तरी उभें झाड व लांकूड या दोन वस्तु आहेत, एक दुसरींत आपोआप जमा होत नाहीं, अशी जाणीव त्या शब्दावलींत आहे. महजरांत व सीमापत्रांत तर वड, पिंपळ, चिंच हे साक्षीदारच असत. चिंचवड, पिंपळगांव, वडगांव, बाभुळगांव हीं नांवें त्याच परंपरेंतलीं.

याहून अधिक महत्त्वाचा पुरावा आज्ञापत्राचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेला हा ग्रंथ इ. स. १७१५ च्या सुमाराचा धरतात. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत गलबतांसाठीं लांकूड कसें मिळवावें याचा विचार आहे. सागवानादि लांकूड हुजूरच्या परवानगीनें तोडावें. आंबा, फणस यांचेंहि लांकूड उपयोगी असलें तरी त्यांस हात लावूं देऊं नये, कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं पोटच्या पोरासारखीं वाढविलेलीं असतात, व तोडल्यास तिच्या दुःखास पार राहत नाहीं, असा त्याचा आशय. हा भाग सर्वत्र उद्धृत होतो. त्याच्या पुढचा भाग तितका होत नाहीं, आणि आमच्या विषयास नेमका तोच लागू आहे. एखादें झाड फारच जीर्ण होऊन निकामी झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडून न्यावें. बलात्कार सर्वथा करूं नये. जीर्ण झाड तोडतां येतें हें अमात्यांस मान्य आहे. परंतु तें जीर्ण आहे कीं नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे, धन्यास विचारलें पाहिजे, किंमत दिली पाहिजे.

यावरून आमचे पूर्वज मोठे वृक्षरक्षक होते असा गौरवपर निष्कर्ष कोणी काढूं नये. आज्ञापत्रांतील हा मजकूर जहाजांसाठीं लांकूड तोडण्याच्या प्रकरणांतच आला आहे. मनाई करावी लागली याचा अर्थ तोड होत होती. दुष्काळांत तर गुरांच्या वैरणीसाठीं झाडें ओरबाडली जात, आणि १८७६ ते ७८ च्या किंवा १९७२ च्या दुष्काळांत तसें करणाऱ्यास दोष देणें आम्हांस शक्य नाहीं. म्हणणें इतकेंच कीं वाढलेल्या झाडास तोडण्यापूर्वीं थांबण्याची एक जागा शास्त्रांत व सरकारी व्यवहारांत ठेविलेली होती.

आतां आमचा निंब. तो आमच्या आजोबांनीं १९३५ च्या सुमारास लाविला. अंगण मातीचें होतें. न्हाणीच्या मोरीचें पाणी आळवाच्या व केळीच्या वाफ्यांतून फिरून निंबाच्या बाजूस जिरत असे. १९७२ मध्यें विहीर आटली तेव्हां आम्ही बारा वर्षांचे होतों. आजी भांडीं विसळलेलें पाणी बादलींत धरून ठेवी, आणि तें निंबाच्या बुडाशीं न ओततां दूर, सावलीची कड जेथें संपते तेथें ओती. बुडाशीं कां नाहीं असें विचारल्यावर ती म्हणाली, "त्याचं तोंड तिकडं हाय." झाडास 'पादप' म्हणतात, पायांनीं पिणारा तो पादप, असें आम्हीं पुढें तीस वर्षें मुलांस शिकविलें. पाय कोठपर्यंत पसरलेले असतात हें मात्र आम्हांस ठाऊक नव्हतें, आजीस होतें.

पुढें गांवांत बंदिस्त गटार आलें व मोरीचें पाणी त्यांत गेलें. आमच्या वडिलांनीं निंबाभोंवतीं दगडी पार बांधून आंत दोन हात माती भरली. सायंकाळीं त्यावर आळीचीं वडील मंडळी बसत. उरलेल्या अंगणास शाहाबादी फरशी बसविण्याचें काम आमच्या हातून झालें. अंगण स्वच्छ झालें, घरांत धूळ येईनाशी झाली, आणि जवळच्या लोकांनीं वाखाणणीहि केली. तीन पिढ्यांत मिळून आम्हीं निंबाचें पाणी तोडलें, त्याचें बूड पुरलें व त्याच्या मुळांवर दगड घातला. यांतील एकहि गोष्ट कोणी निंबाच्या वाइटावर असल्यामुळें केली नाहीं.

२००६ च्या वळिवांत पूर्वेची मोठी फांदी सांध्यांतून चिरली. लांकूडतोड्यानें ती खोडाशीं अगदीं सपाट कापली. आम्हीं बृहत्संहिता काढली. विडंग म्हणजे वावडिंग. तें कुटून, तूप व तळ्यांतील चिखल मिसळून त्या जखमेवर लेप दिला, आणि अध्यायांत सांगितल्याप्रमाणें दूधपाणीहि घातलें. आमच्या मनास फार समाधान वाटलें. दोन वर्षांनीं तेथें ढोली दिसूं लागली, तेव्हां एका गवंड्याच्या सल्ल्यानें ती सिमेंटनें बुजविली. २०१९ मध्यें सिमेंटचा गोळा सुटून पडला, आणि मागच्या पोकळींत आमचा हात कोपरापर्यंत गेला.

याचें कारण पुढें वाचनांत आलें. अमेरिकेच्या वनखात्यांतील संशोधक ॲलेक्स शिगो यांनीं हजारों झाडें उभीं चिरून आंतील कूज तपासली व १९७७ मध्यें आपला सिद्धांत मांडला. मनुष्याचें कातडें भरून येतें तसें झाडाचें लांकूड भरून येत नाहीं. झाड जखमेभोंवतीं आंतून भिंती उभारतें, कूज त्या भिंतींच्या आंत कोंडतें, आणि बाहेरून नवें लांकूड वाढवून तोंड झांकतें. फांदीच्या बुडाशीं सालीचें जें किंचित् फुगीर कडें असतें त्यांतच ही भिंत उभारण्याची शक्ति मुख्यतः असते. तें कडें राखून त्याच्या बाहेर कापलें तर झाड आपला बचाव करतें. सपाट कापण्याच्या हौसेनें कडेंच गेलें तर कुजीस वाट मोकळी होते. डांबर, रंग, सिमेंट किंवा कोणताहि लेप कूज थांबवीत नाहीं. कित्येकदां आंत ओल धरून ती वाढवितो. आमच्या वावडिंगानें व तुपानें निंबाचें भलें झालें नाहीं. सिमेंटनें तर बुरा परिणाम झाकून ठेवण्याचेंच काम केलें.

मग जुनें शास्त्र टाकून द्यावें काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची एक पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होती. ती नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह १९९६ मध्यें सिकंदराबाद येथें प्रसिद्ध झाली. तींत मोडलेल्या झाडाचा उपचार आहे : मोडलेले भाग एकत्र आणून भाताच्या पेंढ्याच्या दोरीनें घट्ट बांधावे, पिंपरी व उंबर यांच्या सालींचा तुपामधांत केलेला लेप द्यावा, आळ्यांत नवी माती भरावी व भरपूर पाणी सोडावें. यांतील लेप सोडून द्या. चिरलेला सांधा बांधणें व पाणी देणें हीं दोन कामें आजचा वृक्षवैद्यहि करतो. दोरीच्या जागीं तो पोलादी तार व बोल्ट घेतो. चिरलेली फांदी कापण्याऐवजीं आम्हीं सुरपालाप्रमाणें बांधविली असती तर कदाचित् पुढचें सर्व टळलें असतें. वराहमिहिराचें 'प्रथम शस्त्रानें साफ करावें' हें म्हणणेंहि वाळक्या व रोगट काष्ठापुरतें योग्य आहे. ग्रंथ चुकला तो लेपांत. आम्ही चुकलों ते संपूर्ण ग्रंथ एकाच श्रद्धेनें घेण्यांत.

आमच्या प्रदेशांत झाड पडतें तें दोन शत्रूंच्या संगनमतानें. पहिला शत्रु कोरडेपणा. वर्षांतून आठ महिने जमीन तापते. पाणी शोषणारीं बारीक मुळें बहुतेक वरच्या दोन हातांतच असतात, आणि तीं आधीं मरतात. पाण्यावांचून अशक्त झालेलें झाड जखमेभोंवतीं भिंत उभारूं शकत नाहीं. भुंगे, वाळवी व अळंबीं त्यांत शिरतात. हें सर्व चालू असतां वरून झाड हिरवेंच दिसतें. दुसरा शत्रु वळिवाचा वारा. दुपारच्या उष्म्यानें चढलेल्या ढगांतून थंड हवा एकाएकीं खालीं कोसळते व जमिनीवर आपटून चहूंकडे पसरते, म्हणून पावसाच्या आधीं तो प्रचंड झोत येतो. पाडव्यास ज्याचीं फुलें व कोंवळा पाला आपण खातों तो निंब वैशाखांत पानांनीं पूर्ण भरलेला असतो. शिडें पसरलेल्या गलबतासारखी त्याची अवस्था होते, आणि नांगर, म्हणजे मुळें, आधींच कुजलेलीं वा गटाराच्या चरांत तोडलेलीं असतात. लोक म्हणतात वाऱ्यानें झाड पाडलें.

यावर शेंडा छाटून झाड बुटकें करणें हा उपाय सर्वत्र चालतो, आणि तो सर्वांत वाईट. झाड अन्न करतें तें पानांनीं; तीं गेल्यावर घाबरल्यासारखे असंख्य धुमारे कापलेल्या टोंकांतून फुटतात. त्यांचा जोड लांकडाच्या गाभ्याशीं नसतो, वरवरचा असतो, आणि खालीं कूज चालूच असते. चारपांच वर्षांनीं तेच धुमारे जाड होऊन वळिवांत फाटतात. वडाच्या बाबतींत आणखी एक प्रकार होतो. वाहनांस अडतात म्हणून पारंब्या जमिनीस लागण्यापूर्वींच कापतात, आणि मग आडव्या फांद्यांस टेकू नाहीं म्हणून फांद्याहि कापतात. वडानें स्वतःसाठीं योजिलेले खांब आपण काढून घेतों व घर पडेल अशी ओरड करतों. गुलमोहराची गोष्ट निराळी. तो मादागास्करचा पाहुणा. लांकूड ठिसूळ, मुळें वरवर. त्याच्या पडण्यावरून निंबास व चिंचेस शिक्षा देणें हा न्याय नव्हे.

२०१९ मध्यें पोकळी दिसल्यावर घरांत वाद झाला. आमच्या पुतण्याची खोली निंबाखालीं आहे. तो म्हणाला, "काका, तुमचं शास्त्र राहू द्या. रात्री वारा सुटला की पोरांना घेऊन आम्ही पुढच्या खोलीत येतो, हे तुम्ही बघताच." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. झाड राखण्याची हौस एकाची व भीति दुसऱ्याची, अशी वांटणी न्याय्य नाहीं. आज्ञापत्रांतील प्रश्नच आम्हीं त्याच्यापुढें ठेविला : हें झाड खरोखर जीर्ण झालें आहे काय, तें आधीं पाहूं, तसें ठरलें तर अर्ज आम्ही स्वतः लिहूं.

नागरी क्षेत्रांतील झाडांसाठीं महाराष्ट्रांत १९७५ चा कायदा आहे. त्यान्वयें वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास 'हेरिटेज' वृक्ष मानलें, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं रोपें लावावीं असें ठरविलें. हेतु चांगला आहे. परंतु नव्वद रोपें लाविलीं म्हणजे नव्वद वर्षांचा निंब झाला, असें गणित आम्हीं मुलांस कधीं शिकविलें नाहीं.

माहितगार मनुष्यानें लांकडी मोगरीनें खोड चहूंकडून ठोकून पाहिलें. पोकळ खोड म्हणजे पडणारें खोड नव्हे. वेळूहि पोकळच असतो. भोंवतालच्या निरोगी लांकडाचें कडें खोडाच्या त्रिज्येच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाहून कमी असेल तर धोका, असें एक स्थूल प्रमाण आहे. आमच्या निंबाचें कडें त्याहून बरेंच जाड निघालें. मग पाराची माती उपसून खोडाचें बूड, जेथें मुळें फुटूं लागतात तेथपर्यंत, उघडें केलें. दडपलेली साल कांहीं ठिकाणीं कुजली होती. सावलीच्या कडेपर्यंतची फरशी काढून टाकली व तेथें निंबाचाच पाला चार बोटें जाड पसरला. खोडास मात्र तो टेकूं दिला नाहीं. माघापासून मृगापर्यंत दर तीन आठवड्यांनीं एकदां, कडेच्या बाजूस, सावकाश जिरेल असें पाणी सोडतों. रोज शिंपडण्याचा उपयोग नाहीं. त्यानें मुळें वरच येतात. पुतण्याच्या खोलीवरील फांदीचा शेंडा न छाटतां तिच्या टोंकाकडील बारीक फांद्या, अंगठ्याहून जाड नाहीं अशा, फाल्गुनांत पाला गळाल्यावर काढून वजन हलकें केलें. कौटिल्याच्या हिशेबानें हा बारा पणांचाच अपराध झाला.

आणि निंबाच्या व घराच्या मध्यें, ५३ व्या अध्यायांतील त्या दुसऱ्या श्लोकास स्मरून, एक बकूळ लाविली. पुतण्यानेंच खड्डा खणला.

गेल्या वैशाखांत रात्रीं नऊच्या सुमारास मोठा झोत आला. गांवांत चार गुलमोहर व एक जाहिरातीचा फलक पडला. निंबाच्या पांचसहा वाळक्या काटक्या व कावळ्याचें एक घरटें खालीं आलें. पुतण्या त्या रात्रींहि मुलांस घेऊन पुढच्याच खोलींत झोपला. बकूळ आतां कमरेएवढी झाली आहे.